ढवळीच्या मानेवरचा डाग

नाचणगावच्या शिवेवर एक बंद पडलेली जिनिंग होती. सरकी काढायचे रेचे कधीच विकून झाले होते, पण टिनाच्या छताखालच्या जाळ्यांत जुना कापूस अजून अडकलेला होता आणि वारा सुटला की तो खाली जनावरांच्या पाठीवर गळत राही. एकोणीसशे शहात्तरच्या मे महिन्यात या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार बसला, जमिनीवर चुन्याची रेघ ओढली गेली आणि आत जाणाऱ्याने फिनाइलमध्ये भिजवलेल्या पोत्यावर पाय देऊनच जायचं, असा हुकूम निघाला. आत तीन जनावरं होती. एक तरणा वळू, एक पहिलारू गाय आणि तिची दीड महिन्याची कालवड. तिन्ही पांढरीशुभ्र, गवळाऊ जातीची, आर्वीकडच्या डोंगराळ भागातली. समुद्रापलीकडच्या एका देशाला ती मैत्रीची भेट म्हणून जायची होती.

त्यांच्यावर देखरेख ठेवायला चंद्रभानची नेमणूक झाली होती. चोवीस वर्षांचा, नागपूरच्या कॉलेजातून जनावरांचा डॉक्टर होऊन त्याला दहा महिने झाले होते. घर पवनारचं. वडील धाम नदीच्या काठाने वांगी आणि पालक लावत आणि पहाटेच्या बसने वर्ध्याच्या बाजारात नेत. चंद्रभानला मोजायची सवय होती. खिशात एक छोटी वही असे आणि तिच्यात दुपारी दोन वाजता टिनाखाली किती तापमान होतं, गाय किती पाणी प्यायली, तिने मिनिटाला किती श्वास घेतले, हे सगळं तारीखवार लिहिलेलं असे. ते कोणी मागितलं नव्हतं.

जनावरं आर्वीपलीकडच्या एका खेड्यातल्या बाबाराव गवळ्याच्या गोठ्यातली. बाबाराव स्वतः आला होताच, पण त्याची सून नलू हिलाही आणावं लागलं होतं. ती पहिलारू गाय, ढवळी, तिच्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नसे. दुसरं कोणी बसलं की पान्हा चोरायची. नलू वीस वर्षांची, बारीक, बोलण्यात तिखट. एवढ्या उन्हात ती डोक्यावरचा पदर गळ्याभोवती गच्च गुंडाळून बसायची.

"डॉक्टरसायेब, रोज ढवळीचा श्वास मोजता," ती एकदा म्हणाली. "एखांद्या दिवशी माहाबी मोजा ना. मीबी तं त्याच टिनाखाली आहो."

"तुले सरकार बाहेर नाई धाडून राह्यलं," बाबाराव म्हणाला.

"धाडलं तं जाईन. तिथं चूल नसन."

चंद्रभानने हसत हसत घड्याळाकडे पाहून तिच्या खांद्यांची हालचाल मोजली. अठ्ठावीस. बसलेल्या माणसासाठी ते जास्त होतं. उन्हाने असेल, असं त्याला वाटलं. ढवळीच्या छत्तीसच्या खाली त्याने ते लिहून ठेवलं.

बाबारावच्या घरी एक रीत होती. पहिलारू गायीचं दूध, वासरू गवत तोडायला लागेपर्यंत, विस्तवावर ठेवायचं नाही. ठेवलं तर गायीचे सड जळतात, असं तीन पिढ्या सांगत आल्या होत्या. विकायचंही नाही. घरातल्यांनी कच्चंच प्यायचं आणि पहिला पेला धार काढणारीचा. नलू रोज सकाळी फेसाळ दुधाचा तो पेला उभ्याउभ्या संपवायची आणि पदराने ओठ पुसायची. चंद्रभानला दोनदा पेला पुढे केला गेला. त्याने दोन्ही वेळा पोट बरं नाही म्हणून सांगितलं. कच्च्या दुधाबद्दल तो कॉलेजात शिकला होता, पण त्यांच्या रीतीबद्दल पहिल्याच आठवड्यात बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

भेट घेणाऱ्या देशाची मुख्य अट क्षयाच्या चाचणीची होती. जनावराच्या मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिनचा एक थेंब टोचायचा, आधी कातडीची घडी मोजायची आणि बरोबर बहात्तर तासांनी पुन्हा मोजायची. घडी चार मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली तर जनावराच्या अंगात क्षय आहे. या चाचणीवर सगळं ठरणार होतं. निघाला तर गाय जाणार नाही आणि गायच काय, बाबारावचा सगळा गोठा संशयात येईल.

सोमवारी सकाळी आठला चंद्रभानने दोघांच्या मानेवरचे केस कातरले, मापं घेतली आणि टोचलं. वळू आठ मिलिमीटर, ढवळी सात. बुधवारी सकाळी, नियम नसतानाही, त्याने पुन्हा कॅलिपर लावला. वळू आठच. ढवळीच्या मानेवर मात्र लिंबाएवढी गाठ उठली होती. हाताला गरम लागत होती आणि दाबली की गाय मान काढून घेत होती. अठरा मिलिमीटर. त्याने तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा अठरा.

त्या दिवशी तो बाबारावला काही बोलला नाही. बहात्तर तास व्हायचे होते आणि नियम बहात्तर तासांचा होता.

गुरुवारी सकाळी तो फाटकातून आत आला तेव्हा आधी वास आला. केस जळल्याचा. ढवळी दाव्याला ताण देऊन उभी होती आणि तिच्या मानेच्या डाव्या बाजूला, बरोबर टोचल्याच्या जागी, चंद्रकोरीसारखा भाजल्याचा काळा डाग होता. कडेने पाणी सुटलं होतं. तीन दगडांच्या चुलीत विळा अजून खुपसलेला होता.

"हे काय केलं, बाबाराव?"

"गाठ आलती, जी. काल सांजेलोक ती वाढून राह्यली होती. आज डॉक्टर पाहीन अन् म्हनीन गाय खराब हाय. म्हून पहाटेच डाग देल्ला." बाबारावच्या आवाजात अपराध नव्हता. घरचं काम वेळेवर उरकल्याचं समाधान होतं. "आता बसते पहा चार दिवसांत."

"ती गाठ मलाच मोजायची होती."

"मोजाले पायजे तं काल मोजली ना तुमी. मी पाह्यलं."

चंद्रभानने कॅलिपर काढला आणि पुन्हा पेटीत ठेवला. जळून फुगलेल्या कातडीवर माप घेण्यात अर्थ नव्हता. दुसरी चाचणी साठ दिवसांच्या आत चालत नाही, आणि बोट बारा जूनला सुटणार होती.

"गाठीले डागच लागते," नलू ढवळीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "लय ओरडली नाई ती. मी तं ओरडली होती."

"तू कशाला ओरडलीस?"

तिने सासऱ्याकडे पाहिलं. मग तिने गळ्याभोवतीचा पदर सोडला. जबड्याच्या खाली, कानापासून हाडापर्यंत, तशाच तीन चंद्रकोरी होत्या. दोन जुन्या, पांढरट. तिसरी अजून लाल. तिच्या खाली दोन गाठी उठल्या होत्या, एक सुपारीएवढी, एक तिच्याहून लहान, आणि लहानीच्या तोंडाशी पिवळं पाणी वाळलेलं होतं.

"लगन होऊन आली त्याच्या दुसऱ्या साली सुरू झालं," ती म्हणाली. "सासूबाईनं देल्ले दोन. एक ह्या मामाजीनं. आता ढवळी अन् मी एकाच वळनाच्या झालो."

"संध्याकाळी ताप येतो?"

"येते थोडा. उन्हाळा हाय ना."

चंद्रभानला अठ्ठावीस हा आकडा आठवला. बाबारावच्या घरात येण्यापूर्वी तिला काही नव्हतं. तिथे ती धार काढू लागली आणि रोजचा पहिला कच्चा पेला तिच्या वाट्याला आला. ढवळी तर यंदाच व्याली होती, तेव्हा हा क्षय एका गायीपुरता नव्हताच. गोठ्यात तो निदान दोन वर्षांपासून होता. सगळं सरळ होतं. इतकं सरळ की परीक्षेत कोणी असा प्रश्न घातला असता तर त्याला तो सोपा वाटला असता.

"बाबाराव, हिला वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. याच आठवड्यात. औषध आहे यावर. वर्ष-दीड वर्ष घ्यावं लागतं, पण माणूस बरा होतो. आणि तोवर दूध कच्चं प्यायचं नाही. कोणीच नाही."

"ढवळी पयलारू हाय."

"माहीत आहे मला. तरी."

बाबाराव चुलीतला विळा काढून मातीत घासू लागला. "गाय एकदाची गाडीत चढू द्या," तो म्हणाला. "मंग नेतो. तुमी म्हनता तं नेतो."

शुक्रवारी दुपारी जीप घेऊन मधुकरराव आले. चंद्रभानचे वरिष्ठ. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, स्वभावाने मऊ, सगळ्यांच्या घरच्यांची चौकशी करणारे. त्यांनी ढवळीचा डाग पाहिला, चष्मा पुसला आणि खाटेवर बसून फॉर्म मांडीवर घेतला.

"बहात्तर तासांचं माप?"

"घेता आलं नाही, सर. जागा जळालीय. पण अठ्ठेचाळीसचं माझ्याकडे आहे. सातावरून अठरा."

"अठ्ठेचाळीसचा रकाना दाखव मला यात."

"नाहीये, सर."

"मग ते माप झालंच नाही. गावातली एप्रिलची चाचणी आहे ना? दोन्ही जनावरं निर्दोष."

चंद्रभान मग म्हणाला, "एप्रिलमध्ये जिल्ह्यात ट्युबरक्युलिनची बाटलीच नव्हती, सर. मीच मे महिन्यात नागपूरहून आणली."

मधुकररावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फाटकाबाहेर चौकीदार जीपच्या ड्रायव्हरला बिडी मागत होता, तिकडे ते पाहत राहिले.

"चंद्रभान, या जनावरांचे फोटो वर गेलेत. तिकडच्या लोकांना नावं कळवून झालीत. या वर्षी वरून आलेल्या कागदाला नाही म्हणणारा एक माणूस मला दाखव, मी त्याच्या मागे उभा राहतो."

"त्या देशात जनावरांचे डॉक्टर चार आहेत. त्यांच्याच पत्रात लिहिलंय, सर. ते आपल्या सर्टिफिकेटवर विसंबून आहेत."

"चार तर चार. बघतील ते."

"आणि डाग? डागाचं काय लिहायचं?"

मधुकररावांनी फॉर्म उलटा करून पुन्हा सुलटा केला. "ओळखखुणेचा रकाना रिकामाच आहे," ते म्हणाले. "तिथे लिही. मानेच्या डाव्या बाजूस भाजल्याची खूण. पांढऱ्या गायी सगळ्या सारख्याच दिसतात, त्यांना बरंच पडेल."

चंद्रभानची नोकरी अजून कच्ची होती, हे दोघांनाही माहीत होतं. ते बोलून दाखवायची वेळ आली नाही. पेन हातात घेताना त्याने मनाशी एक हिशेब केला. गाय अशीही जाणार आहे. मी सही केली नाही तर दुसरा करेल. पण नलू इथे आहे, तिचा मार्ग अजून खुला आहे. तिला दवाखान्यात पोचवलं म्हणजे निदान एक गोष्ट नीट होईल. त्याने ओळखखुणेचा रकाना भरला, चाचणीच्या पुढे निर्दोष लिहिलं आणि सही केली. मधुकररावांनी तिच्याखाली आपली सही केली आणि शिक्का मारला.

तीन जूनला पुलगाव स्टेशनवर समारंभ झाला. मालगाडीच्या वाघिणीला आंब्याची पानं बांधली होती. वळूच्या आणि ढवळीच्या गळ्यात झेंडूचे हार होते. ढवळीचा हार जरा वर ओढून बांधलेला होता, डाग झाकेल असा. भाषणं झाली. दोन देशांच्या मैत्रीबद्दल एक पाहुणे बराच वेळ बोलले. तेवढ्या वेळात कालवडीने हारातली अर्धी फुलं खाल्ली. बाबारावला शाल आणि नारळ दिला आणि सर्टिफिकेटची एक प्रत, शिक्क्यासकट, काचेच्या चौकटीत घालून त्याच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी हलली तेव्हा नलू वाघिणीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली. ढवळी हंबरत होती. दूध काढायची वेळ झाली होती.

फलाटावरच चंद्रभानने दवाखान्याची चिठ्ठी बाबारावच्या हातात दिली. "सोमवारी या. मी वर्ध्याला बसस्टँडवर उभा राहतो."

"येतो जी," बाबाराव म्हणाला.

सोमवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. चंद्रभान दोन्ही दिवस आर्वीच्या प्रत्येक बसला उभा राहिला. जूनच्या शेवटी तो स्वतःच खेड्यात गेला.

बाबारावच्या ओसरीत पाच-सहा माणसं बसली होती आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, ते सर्टिफिकेट होतं. चौकटीला कुंकू लावलेलं होतं. आतून भागीरथाबाईंनी, बाबारावच्या बायकोने, पाणी आणून दिलं. नलूचा नवरा रूपराव खांबाला टेकून उभा होता.

"चिठ्ठी दिली होती," चंद्रभान म्हणाला.

"नलूले दिवस गेले, डॉक्टर," रूपराव म्हणाला. "अन् गाठबी बसून राह्यली आता. एवढ्यात कुटं हिंडवता तिले?"

"गाठ बसली तरी रोग आत राहतो. तो दुधातून आलाय. तुमच्या गोठ्यातल्या गायींना तो आहे. सगळ्या गायी तपासाव्या लागतील. आणि दूध उकळूनच प्यायचं, एकही थेंब कच्चा नाही."

ओसरीतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बाबारावने उठून भिंतीवरची चौकट काढली आणि चंद्रभानच्या मांडीवर ठेवली. रागाने नाही. खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखी.

"ही सही तुमचीच ना जी?"

"हो."

"अन् यात काय लिवलं हाय? आमाले इंग्रजी येत नाई."

"गाय निरोगी आहे, असं लिहिलंय."

"मंग निरोगी गाईच्या दुधानं रोग कसा होते?"

"ढवळी तं याच गोठ्यातली," एक म्हातारा म्हणाला. "सरकारनं दहा गावं हिंडून तिले निवडली. खराब असती तं परदेशात धाडली असती का?"

कोणीतरी हसलं. चंद्रभान चौकटीकडे पाहत राहिला. एक वाक्य पुरलं असतं. हा कागद खोटा आहे. पण समोर सहा माणसं होती आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत आर्वीला पोचलं असतं, दुसऱ्या दिवशी वर्ध्याला. तो म्हणाला, "पुन्हा एकदा तपासलेलं बरं असतं."

"तपासा ना," बाबाराव चौकट परत खुंटीला लावत म्हणाला. "पन पावसाळा होऊन जाऊ द्या."

निघताना नलू गोठ्याच्या दाराशी भेटली. पदर गळ्याभोवती तसाच होता. "तुमी आपसातच भांडून राह्यले वाटते," ती म्हणाली. "कागद एक सांगते, तुमी एक सांगता. मी कोनाचं आयकू?"

"माझं ऐक."

"कागदबी तुमचाच हाय," ती म्हणाली. ती हसत होती.

ऑगस्टमध्ये चंद्रभानची बदली सिरोंच्याला झाली, नकाशावर बोट ठेवूनही लवकर न सापडणाऱ्या ठिकाणी. बदली कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. तिथून त्याने बाबारावला तीन पोस्टकार्डं लिहिली. दूध उकळा, सुनेला दवाखान्यात न्या. कागद खोटा आहे, हे तिन्हींत नव्हतं. उत्तर आलं नाही.

तो वर्ध्याला परत आला अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये. मधुकरराव निवृत्त होऊन गेले होते. टेबलावर एक पाकीट पडलेलं होतं. समुद्रापलीकडच्या त्या देशातून आलेलं, चार कचेऱ्यांचे शिक्के खाऊन. मूळ मालकास वाचून दाखवावे, असा शेरा होता. दुसऱ्याने नेलं असतं तरी चाललं असतं. चंद्रभान स्वतः गेला.

ओसरीत या वेळी फक्त बाबाराव होता. चौकट भिंतीवर होती. तिला कुंकू होतंच, पण शेजारच्या खुंटीवर आता नलूचा एक छोटा फोटो होता, जत्रेत काढतात तसा, मागे पडद्यावरचं तळं. त्याला हार घातला होता.

"दिवाळीच्या आंदी गेली," बाबाराव म्हणाला. "बाळंतपन झालं अन् अंग धरलंच नाई तिनं. खोकून खोकून. मंग नेलती आम्ही दवाखान्यात. डॉक्टर म्हने, काऊन एवढा उशीर केला." त्याने चौकटीकडे हात केला. "त्यायलेबी मी कागद दाखवला. घेऊन गेलतो संगं."

बाबारावने पाकिटाकडे बोट केलं. "वाचा ना जी. काय म्हनते ढवळी?"

पत्र अर्ध्या पानाचं होतं. चंद्रभानने ते मराठीत सांगितलं. दोन्ही जनावरं तिथल्या हवेत रुळली आहेत. कालवड मोठी झाली आहे. ढवळी पुन्हा व्याली. ती एका शाळेच्या वसतिगृहाला दिली आहे आणि तिचं ताजं दूध रोज सकाळी मुलांना मिळतं. मुलं तिला मैत्री या अर्थाच्या त्यांच्या भाषेतल्या नावाने हाक मारतात. सोबत एक फोटो होता. गाय मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना ओळीने मुलं, प्रत्येकाच्या हातात पेला.

"डाग दिसते का तिचा?"

"दिसतो."

"मंग तेच हाय," बाबाराव म्हणाला.

आतल्या अंगणात चरवीवर धार पडल्याचा आवाज थांबला होता. भागीरथाबाई चरवी घेऊन ओसरीत आल्या. त्यांच्या मागे लुगड्याचा काठ धरून एक मुलगी चालत आली, सव्वा वर्षाची. नलूची मुलगी. चंद्रभानने न विचारताच ओळखलं. जबड्याची ठेवण तीच होती आणि गळा अजून कोरा होता. भागीरथाबाईंनी फेसाळ दुधाची छोटी लोटी भरून तिच्या दोन्ही हातांत दिली.

"कोणाचं दूध हे?"

"ढवळीच्या बहिनीचं. पयलारूच हाय."

चंद्रभानने उठून मुलीच्या हातातली लोटी काढून घेतली. मुलगी भोकाड पसरून रडायला लागली.

"काय करून राह्यले, डॉक्टर?" बाबाराव उठला.

"तो कागद खोटा आहे," चंद्रभान म्हणाला. "मी खोटा लिहिला. ढवळीच्या अंगात क्षय होता. मी मोजला होता, बुधवारी. सात होती, अठरा झाली. तुम्ही डाग दिला तेव्हा मला माहीत होतं. नलूला तोच रोग होता, याच दुधातला. मी सही करायला नको होती आणि केल्यावर तरी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. त्या दिवशी इथे बसून सांगायला पाहिजे होतं."

मुलगी रडत होती. बाबाराव चौकटीपाशी गेला, पण ती काढली नाही. काचेवर बोट टेकवलं.

"ही दुसरी सही कोनाची?"

"मधुकररावांची."

"अन् शिक्का सरकारचा."

"हो."

"म्हंजे दोघाजनायनं अन् सरकारनं खोटं लिवलं, अन् तुमी एकटे आज खरं बोलून राह्यले." तो वळला. त्याचा चेहरा कडक झाला होता, पण डोळे चंद्रभानवर ठरत नव्हते. "तुमाले नलूचं वाईट वाटते म्हून बोलून राह्यले तुमी. माहीत हाय मले. पन असं बोलू नका. तिले मीच डाग देल्ला होता. दूध मीच पेवाले सांगत होतो. तुमी म्हनता तसं असन, तं मंग माहं काय?"

लोटी हातात घेऊन चंद्रभान उभाच होता.

भागीरथाबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली. दूध चरवीत परत ओतलं. चरवी उचलून त्या आत गेल्या, पातेल्यात दूध ओतल्याचा आवाज आला आणि मग चुलीत लाकूड सारल्याचा.

"तिचे सड जळतीन," बाबाराव आत पाहून म्हणाला.

"जळू द्या," भागीरथाबाईंचा आवाज आला.

बाबाराव खाली बसला. मुलगी हुंदके देत त्याच्या मांडीत शिरली. गोठ्यातल्या बाकीच्या अकरा गायी दिसत होत्या, रवंथ करत, सगळ्या पांढऱ्या. आजची उकळी चंद्रभानच्या समोर झाली. उद्याची होईल का, ते त्याला माहीत नव्हतं.

त्याने फोटो उलटा केला. मागे शाळेचं नाव आणि गावाचं नाव निळ्या शाईत लिहिलेलं होतं. खिशातून त्याने दोन वर्षांपूर्वीची वही काढली. हल्ली तो ती वापरत नसे, पण जवळ ठेवत असे. मेचं पान काढलं. सात आणि अठरा. त्याच्या वरच्या ओळींत छत्तीस आणि अठ्ठावीस. त्याखाली त्याने पत्ता एकेक अक्षर तपासत उतरवून घेतला. मग फोटो सुलटा करून त्यावर पेनचं टोक डावीकडून उजवीकडे सरकवत नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आता काय मोजून राह्यले?" बाबारावने विचारलं.

"पोरं," चंद्रभान म्हणाला. "तेवीस आहेत."